टप्पा मंजूर झाला, पण काम पुढे गेलं का?

प्रश्न असा आला आहे: “आम्ही पुण्यात तिघं मिळून रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत काम करतो. झेडकॅशच्या अनुदानावर चाललेल्या प्रकल्पांचे अहवाल गेले काही महिने वाचतोय. जिकडेतिकडे ‘काम वेळापत्रकानुसार’, ‘दुसरा टप्पा पूर्ण’, ‘८० टक्के झालं’. बाहेरच्या माणसाने खरी प्रगती ओळखायची कशी? इतकी वर्षं पैसा ओतून त्या साखळीचं काही भलं झालं का? आणि आम्ही अर्ज करावा का?”

नवख्यांसाठी एक ओळ: झेडकॅश हे व्यवहार झाकून ठेवता येणारं क्रिप्टोचलन, त्याचं नाणं झेडईसी, आणि साखळी म्हणजे ते जिच्यावर चालतं ती ब्लॉकचेन. ‘८० टक्के झालं’ असं दिसलं की मी तो परिच्छेद सोडून पुढे जातो. सॉफ्टवेअरचे टक्के मोजायची पट्टी कुणाकडेच नसते. उरलेले २० टक्के केवढे आहेत हे ते करायला बसल्यावर कळतं. मी बघतो ते एवढंच: ज्याने लिहिलं तो सोडून दुसरं कोणी हे वापरायला लागलंय का, आणि त्याचं काही अडलं तर त्याला उत्तर कोण देतं. अनुदानाच्या कामात प्रगती म्हणतात ती मला तरी तिथेच सापडलेली आहे. बाकी सगळं म्हणजे बिल काढण्यासाठीचे कागद. कागदही लागतातच, पण ते वाचून कामाचा अंदाज बांधू नये.

माझ्याबद्दल थोडक्यात. वॉलेट आणि नोड (साखळीची प्रत राखून ती तपासणारा प्रोग्राम) यांच्या बाजूचं काम सात-आठ वर्षं करतोय. एकदा स्वतः अनुदान घेतलं आहे, आणि दोन-तीन साखळ्यांच्या कार्यक्रमांसाठी टप्पे तपासून द्यायचं काम केलं आहे. झेडकॅशच्या समितीत मी कधी नव्हतो. तिथलं जे सांगतो ते उघड नोंदी आणि कोड वाचून. त्यांच्या बैठकांचे वृत्तांत कारणांसकट जाहीर होतात, कुणाला किती दिले हेही उघड असतं. तुम्ही अहवाल वाचताय तसे ते वृत्तांतही वाचा. नाकारलेल्या अर्जांचे आधी. त्यात जास्त शिकायला मिळतं.

आधी पैसा कुठून येतो ते, कारण त्याशिवाय अहवाल नीट वाचता येत नाही. झेडकॅश २८ ऑक्टोबर २०१६ ला सुरू झालं. पहिली चार वर्षं ब्लॉकच्या बक्षिसातला, म्हणजे प्रत्येक ब्लॉकबरोबर निघणाऱ्या नव्या नाण्यांतला, पाचवा हिस्सा संस्थापक, गुंतवणूकदार, कर्मचारी अशांकडे जात होता. नोव्हेंबर २०२० मध्ये बक्षीस पहिल्यांदा निम्मं झालं, तेव्हा झिप १०१४ या प्रस्तावाने (झिप म्हणजे झेडकॅशमधला सुधारणा प्रस्ताव) तोच २० टक्के हिस्सा तिघांत वाटला: ७ झेडकॅश बनवणाऱ्या इलेक्ट्रिक कॉइन कंपनीकडे, ५ झेडकॅश फाउंडेशनकडे, ८ स्वतंत्र अनुदानांकडे. हे ८ टक्के वाटणारी पाच जणांची समिती निवडून येते. तिला आता झेडकॅश कम्युनिटी ग्रँट्स म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये बक्षीस पुन्हा निम्मं झालं आणि कंपनीचा व फाउंडेशनचा थेट हिस्सा बंद झाला. अनुदानांचे ८ टक्के राहिले, उरलेले १२ एका कुलूपबंद पेटीत साठू लागले. पेटी उघडायची कोणी, यावर वर्षभर वाद झाला. तो विषय वेगळा.

आता हिशेब. ब्लॉक दर ७५ सेकंदांनी, म्हणजे दिवसाला १,१५२. २०२० नंतर ब्लॉकमागे ३.१२५ झेडईसी; त्याचे ८ टक्के म्हणजे पाव झेडईसी. रोजचे २८८. मे २०२१ मध्ये भाव ३०० डॉलरच्या वर होता, म्हणजे समितीकडे रोज ८६ हजार डॉलर येत होते. २०२४ च्या मध्याला भाव २० डॉलरच्या आसपास आला; तेच २८८ झेडईसी आता पावणेसहा हजार डॉलरचे. त्याच वर्षाच्या शेवटी ते १४४ झाले. आणि कामं ठरतात डॉलरमध्ये, पैसे दिले जातात झेडईसीत. म्हणून प्रकल्पाचा अहवाल हातात घेतला की तो कोणत्या साली मंजूर झाला ते मी पहिलं बघतो. सुकाळातले प्रस्ताव सैल असतात: टप्पे मोठे, भाषा मोघम, रक्कम गोल. दुष्काळात मंजूर झालेल्याला प्रत्येक ओळीचा जाब द्यावा लागलेला असतो. हे कुठल्याही साखळीला लागू आहे. झेडकॅशचे आकडे उघड असल्यामुळे तिथे स्पष्ट दिसतं इतकंच.

माझे मामा रस्त्यांच्या कामावर अभियंता होते. ठेकेदाराचं बिल निघायचं ते एमबीवर, म्हणजे मोजमाप पुस्तिकेवर. टेप लावायची, लांबी-रुंदी-जाडी लिहायची, सही करायची. सुट्टीत मी सोबत असलो की टेपचं एक टोक माझ्या हातात यायचं. टप्पा तपासणं हे त्याच जातीचं काम आहे. फरक एवढाच की टेप कुठे लावायची हे इथे ठेकेदारच प्रस्तावात लिहून देतो, आणि मंजूर करणाऱ्यांनी ते नीट वाचलेलं नसेल तर तपासणाऱ्याचे हात बांधलेले असतात.

उदाहरण सांगतो; साखळीचं आणि टीमचं नाव नको. व्यवहारांची सूची करून ठेवणारी एक सेवा होती, म्हणजे इंडेक्सर. अहवाल देखणा. ‘सर्व ६४ चाचण्या यशस्वी’, हिरव्या खुणांचा स्क्रीनशॉट, तीन मिनिटांचा व्हिडिओ. रात्री जेवण झाल्यावर मी कोऱ्या यंत्रावर कोड उतरवला. कोरं यंत्र हवंच. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर आधीपासून इतकं काही बसवलेलं असतं की काहीही चालून जातं. रीडमीतला पहिला आदेश चालला. दुसऱ्याने डॉकर इमेज, म्हणजे प्रोग्रामचं तयार गाठोडं, मागवली आणि परवानगी नाकारली गेली, कारण ती त्यांच्या खाजगी साठ्यात होती. लेखकाला निरोप टाकला, सकाळी त्याने ती खुली केली. मग सेवा सुरू होईना. कॉन्फिग फाइलमध्ये नोडचा पत्ता थेट आकड्यांत लिहिलेला होता, आणि तो त्यांच्याच ऑफिसातल्या यंत्राचा होता. माझा नोड दिला. चालली. चहा करून आलो तोवर पडलेली. टेस्टनेटवर, म्हणजे चाचणीसाठीच्या जाळ्यावर, साखळीचं टोक बदललं होतं, म्हणजे शेवटचे दोन-तीन ब्लॉक रद्द होऊन त्यांच्या जागी दुसरे आले होते, आणि सेवेला मागे कसं यायचं ते माहीत नव्हतं.

चाचण्या उघडून पाहिल्या. पन्नासहून जास्त चाचण्या एका नकली नोडशी बोलत होत्या, आणि तो बिचारा नोड कधीच टोक बदलत नव्हता. यात लबाडी कुठेच नव्हती. त्यांनी मन लावून काम केलं होतं, फक्त स्वतःच्या घरात केलं होतं. आणि प्रस्तावात टप्प्याची व्याख्या होती ‘इंडेक्सर तयार करणे व चाचण्या लिहिणे’. त्या वाक्यावर बोट ठेवलं तर टप्पा पूर्ण होता. मी शेरा लिहिला, दुरुस्ती मागितली, पण पैसे अडवा असं म्हणू शकलो नाही. तेच वाक्य ‘कोऱ्या यंत्रावर या तीन आदेशांनी टेस्टनेटच्या अमुक ते तमुक ब्लॉकची सूची तयार होईल, आणि मध्ये टोक बदललं तरी शेवटची शिल्लक नोडशी जुळेल’ असं असतं, तर सगळ्यांचे तीन आठवडे वाचले असते.

कोड चालवायला वेळ नसेल तर बाहेरून बघायच्या खुणा आहेत, आणि त्या पुरेशा बोलक्या असतात. तक्रारी, म्हणजे इश्यू, कोणी टाकल्यात? सगळे टीममधल्यांनीच उघडून टीममधल्यांनीच बंद केले असतील तर अजून गिऱ्हाईक आलेलं नाही. अनोळखी माणसाने वैतागून लिहिलेला एक इश्यू मला दहा हिरव्या खुणांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण वैतागायला आधी वापरावं लागतं. रिलीझला आकडे दिलेत का, की अजून ‘मुख्य शाखा घ्या’ म्हणताहेत? कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, महिनाभर पसरल्यात, की टप्प्याच्या तारखेच्या आदल्या चार रात्रींत कोंबल्यात? पाच मिनिटांचं काम आहे.

आता दुसरा प्रश्न. भलं झालं का? इथे मी जरा रेंगाळतो, कारण झेडकॅशच्या बाबतीत याची चाचणी कुणी न मागताच झाली.

३१ मे २०२२ ला एनयू५ हे मोठं अद्ययावतीकरण लागू झालं. हॅलो २ ही पुराव्यांची नवी पद्धत, तिच्यावर उभा ऑर्चर्ड हा झाकलेल्या पैशांचा नवा साठा, आणि एकत्रित पत्ते. गुप्त किल्ल्यांचा सुरुवातीचा विधी जिला लागत नाही अशी झेडकॅशची पहिली झाकलेली व्यवस्था. वर्षानुवर्षांचं संशोधन फळाला आलं होतं. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच साखळीवर कचरा पडायला लागला. एकेका व्यवहारात शेकडो झाकलेले निकाल, म्हणजे आउटपुट, आणि असे व्यवहार दिवसरात्र. लोक त्याला वाळूचा मारा म्हणू लागले.

याने काय बिघडतं ते समजायला झाकलेलं वॉलेट कसं चालतं ते बघावं लागेल. समजा गावात सगळी पत्रं येतात, पण एकावरही नाव-पत्ता नाही. मग प्रत्येक घराने प्रत्येक पत्राला आपली किल्ली लावून बघायची. उघडलं तर आपलं. झाकलेल्या व्यवहारात हेच होतं, कारण कोणाला मिळाले हे साखळीवर लिहायचंच नाही, हाच तर मुद्दा. शिवाय आपलं पत्र सापडलं तरी खर्च करायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा गावात येणाऱ्या प्रत्येक नव्या पत्रागणिक ताजा करत राहावा लागतो. पत्रं कमी असताना हे फोनवरही निभतं. कोणीतरी रोज पोत्याने कोरी पत्रं आणून ओतली की प्रत्येकाच्या फोनला ती सगळी तपासावी लागतात.

आणि ओतणाऱ्याला ते जवळजवळ फुकट होतं. तेव्हाचं ठरलेलं शुल्क व्यवहारामागे १,००० झॅटोशी, म्हणजे ०.००००१ झेडईसी, आत दोन निकाल असोत की हजार. त्या वर्षाअखेर साखळीचा आकार शंभर जीबी ओलांडून गेला होता.

मी माझं वॉलेट ऑगस्टपासून उघडलं नव्हतं. दिवाळीत उघडलं. साखळीशी जुळणी किती झाली ते दाखवणारी पट्टी सरकायला लागली, मग अडली, मग अ‍ॅप बंद पडलं. पुन्हा उघडलं की थोडं मागून सुरू. रात्री फोन चार्जरला लावून पंख्याखाली ठेवला. सकाळी तो तापलेला आणि पट्टी जेमतेम बोटभर पुढे. त्यात फार पैसे नव्हते. पण ‘माझे पैसे आहेत, आणि ते मला दिसत नाहीत, खर्च करता येत नाहीत’ हा अनुभव ज्याला एकदा आला तो वॉलेट पुन्हा उघडत नाही.

आता अनुदानांकडे या दृष्टीने पाहा. त्या वेळी चालू असलेल्या एकाही प्रस्तावात ‘वाळूचा मारा आला तर’ असा टप्पा नव्हता. असणार कसा? तरीही अनुदानातून उभी राहिलेली काही कामं त्या दिवसांत उपयोगी पडली, काही पडली नाहीत. वायवॉलेट या वॉलेटने आपली जलद जुळणीची पद्धत आधीपासूनच गंभीरपणे घेतली होती. पुरावे एकेक करून ताजे करण्याऐवजी गठ्ठ्याने. जुने वापरकर्ते हळूहळू तिकडे वळले. झेकवॉलेट लाइटची देखभाल थांबत आली होती. त्याचाच कोड घेऊन झिंगोच्या टीमने पुढे काम चालवलं, तेही अनुदानावर. आणि इलेक्ट्रिक कॉइन कंपनीच्या मूळ टीमने वॉलेटच्या सामायिक लायब्ररीत अशी सोय आणली की जुळणी पूर्ण व्हायच्या आधीच सापडलेले पैसे खर्च करता यावेत.

कचऱ्याचा मूळ उपाय मात्र शुल्कात होता. झिप ३१७ ने शुल्क कामाच्या प्रमाणात केलं: प्रत्येक कृतीमागे (ढोबळमानाने एका निकालामागे) ५,००० झॅटोशी, किमान दोन कृतींचे. नेहमीच्या व्यवहाराला १०,००० झॅटोशी, म्हणजे ०.०००१ झेडईसी, सामान्य माणसाला जाणवणारही नाही. पण हजार निकालांच्या व्यवहाराला ०.०५ झेडईसी. आधीच्या पाच हजार पट. हे कागदावर दोन पानांचं काम. अंमलात यायला मात्र प्रत्येक वॉलेटने, ब्लॉक तयार करणाऱ्या प्रत्येक खाणकामगाराने नवं शुल्क मानायला हवं, आणि त्यात २०२३ उजाडलं. प्रगती बघायची तर या काळातली बघा. कोणत्या वॉलेटने नवं शुल्क किती आठवड्यांत आणलं? ज्यांचे पैसे शेवटच्या टप्प्याबरोबर संपले होते, त्यांच्याकडे ते आणायला माणूसच उरला नव्हता.

हीच माझीही चूक झाली होती, म्हणून ठासून सांगतो. एका साखळीसाठी आम्ही दोघांनी विकासकांच्या उपयोगाचं एक साधन बनवलं. सगळे टप्पे वेळेत, सगळी बिलं निघाली, शेवटच्या अहवालाखाली अभिनंदनं. सहा महिन्यांनी त्या साखळीच्या मूळ लायब्ररीची आवृत्ती बदलली आणि आमचं साधन बांधलंच जाईना. मी तोवर दुसऱ्या नोकरीत, मित्र तिसरीकडे. कोणीतरी इश्यू टाकला, मी ‘बघतो’ लिहिलं. अजून बघायचंय. कार्यक्रमाच्या नोंदीत तो प्रकल्प आजही ‘पूर्ण’ आहे.

रस्त्याच्या कामाला दोषदायित्व कालावधी असतो. फलकावर लिहिलेलाच असतो, इतकी वर्षं खड्डा पडला तर ठेकेदाराने बुजवायचा, तोवर त्याची अनामत अडकलेली. अनुदानांच्या करारांत हे क्वचितच पाहिलंय. बांधायला पैसे मिळतात, राखायला नवा अर्ज करावा लागतो. आणि राखण्याचा अर्ज मंजूर करवून घेणं अवघड, कारण त्यात दाखवायला काही नवं नसतं. ‘गेल्या वर्षी चालत होतं, यंदाही चालेल’ याला टाळ्या कोण वाजवणार?

याउलट मला आवडणारं उदाहरण आर्टीचं. २०२१ मध्ये झेडकॅशच्या अनुदान समितीने टॉर प्रोजेक्टला ६,७०,००० डॉलर दिले. टॉरचं सॉफ्टवेअर रस्टमध्ये नव्याने लिहायला. तेव्हा लोक म्हणाले, टॉरला आपण का पैसे द्यायचे? टीमने मात्र ठरलेल्या वेळाने आकडे लावलेली रिलीझ काढली, काय चालतं आणि काय चालत नाही ते प्रत्येक वेळी लिहिलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आर्टी १.०.० बाहेर आलं. अनुदानाच्या हिशेबात गोष्ट इथे संपते. माझ्या हिशेबात ती २०२४ मध्ये सुरू होते. वॉलेटला शिल्लक डॉलरमध्ये दाखवायची असते, त्यासाठी बाजारभाव कुठल्यातरी सर्व्हरला विचारावा लागतो, आणि विचारताना तुमचा आयपी पत्ता तिथे उघडा पडतो. सगळे व्यवहार झाकून ठेवायचे आणि भाव विचारताना पत्ता द्यायचा, म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड. झेडकॅशच्या वॉलेट लायब्ररीत ही भावाची विचारणा टॉरमधून जाऊ लागली ती आर्टी वापरून. पैसे दिल्यापासून तीन वर्षांनी. कुठल्याच मासिक अहवालात ही ओळ नव्हती, आणि त्या अनुदानाचं खरं उत्पन्न तेच आहे असं मी मानतो.

कधी काम होतं, पण दार दुसऱ्याच्या हातात असतं. झेडकॅशवर इतर टोकन झाकून पाठवता यावीत यासाठी क्युएडइट ही टीम गेली काही वर्षं अनुदानावर काम करतेय. झिप २२६ आणि २२७ लिहून झाले, कोड लिहिला गेला, टप्पे उघडपणे मांडले गेले. पण हे मेननेटवर, म्हणजे खऱ्या साखळीवर, यायचं तर सगळ्या जाळ्याचं अद्ययावतीकरण लागतं, आणि ते करायचं की नाही यावर समाजात एकमत हवं. २०२४ चं एनयू६ त्याशिवाय गेलं, २०२५ चं एनयू६.१ सुद्धा. टीमला नापास करायचं का? मी करणार नाही. मात्र मंजूर करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ‘हे लावायचा निर्णय कोणाचा, आणि तो नाही म्हणाला तर काय उरेल’ एवढं विचारून ठेवायला हवं. तुमच्या प्रस्तावातही हा प्रश्न स्वतःला विचारा.

नोडच्या बाजूला बघायचं तर झेडकॅशडी हा मूळ नोड बिटकॉइन कोअरच्या सी++ कोडवरून आलेला. फाउंडेशनने रस्टमध्ये झेब्रा वाढवला, त्याची १.० आवृत्ती २०२३ मध्ये आली, आणि जुना नोड निवृत्त करायचं ठरलं. ऐकायला सोपं. पण एक्स्चेंज, एक्सप्लोरर, खाणकाम करणारे, सगळ्यांची यंत्रणा जुन्या नोडच्या आदेशांना जोडलेली. वॉलेटना ब्लॉक पुरवणारा लाइटवॉलेटडी बदलायला झिंगोची टीम अनुदानावर झाइनो बनवतेय, तो याच साफसफाईचा भाग. इथे ‘झेब्रा तयार’ या ओळीला अर्थ नाही. ‘अमक्या सेवेने जुना नोड बंद केला’ या ओळीला आहे. कंटाळवाणं काम, अहवालात शोभत नाही, आणि सगळ्यात जास्त गरज त्याचीच.

शिक्षण, भाषांतर, मेळावे, प्रचार करणारे ‘राजदूत’ यांच्या अनुदानांबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही. चांगले लोक आहेत त्यात. मोजता येत नाही, आणि मोजायला गेलं की लोक आकडे फुगवतात. छोट्या रकमा, छोटी मुदत, एवढंच मी म्हणेन.

तर भलं झालं का? झालं, असं मला वाटतं, पण ज्या रांगेत मांडलं होतं त्या रांगेत नाही. २०२५ च्या अखेरीस चलनातल्या झेडईसीपैकी तीस टक्क्यांच्या आसपास झाकलेल्या बाजूला होते. त्याचं श्रेय कोणी एकाच अनुदानाला देऊ लागलं तर हसून सोडून द्या. त्या वर्षी भावही प्रचंड चढला होता. पण पाहिजे तेवढ्या लोकांना फोनवर झाकलेले पैसे सहज ठेवता येतात, हे २०२२ च्या दिवाळीत शक्य नव्हतं. ते शक्य करणारे हात बरेचसे याच पैशावर जगत होते.

आता तुमचं. अर्ज करा, पण पहिला प्रस्ताव लहान ठेवा. तिघांचं सहा आठवड्यांचं काम, एकच वस्तू. नवं वॉलेट वगैरे नको; आहे त्या वॉलेटमध्ये किंवा झाइनोसारख्या कामात चार दुरुस्त्या आधी फुकट पाठवा. पुल रिक्वेस्ट, म्हणजे पाठवलेल्या दुरुस्त्या, घेतल्या गेल्या की समितीला तुमच्याबद्दल पानभर लिहायची गरज उरत नाही. प्रत्येक टप्प्याची व्याख्या आदेशाच्या रूपात लिहा, वाचणाऱ्याने कोऱ्या यंत्रावर चालवून बघावी अशी. वर्षभराच्या देखभालीची रक्कम वेगळ्या ओळीत मागा आणि ती खोडली गेली तर कामाची व्याप्ती कमी करा, रात्री जागून भरून काढू नका. आणि टप्पा लांबला तर आधी कळवा. ‘चाचणीत शिल्लक जुळत नाहीये, कारण शोधतोय, दोन आठवडे लागतील’ अशी ओळ लिहिणाऱ्याला मी कधी खाली गुण दिलेले नाहीत. गप्प बसून शेवटच्या रात्री पन्नास कमिट ढकलणाऱ्याला दिले आहेत.

एक शेवटची गोष्ट, जी अर्जात कोणी विचारत नाही. पैसे झेडईसीत येतील. भारतात १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. मिळाले त्या दिवशीचा भाव आणि विकले त्या दिवशीचा भाव यांत जमीन-अस्मान असू शकतं, ते वर आकड्यांत पाहिलंतच. त्यामुळे कोणाच्या नावावर घ्यायचे, कोणत्या दिवशी विकायचे, नोंद कशी ठेवायची हे सीएला आधी विचारा, पहिला हप्ता आल्यावर नको. माझ्या सीएला ‘टप्पा’ म्हणजे काय हे समजावण्यात दोन भेटी गेल्या, आणि तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, एवढं सगळं करून तुम्हाला हे रुपयांत का देत नाहीत?